हाताचं वजन

१९६९ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात एका बँडपुढे अगदी साधी अडचण उभी राहिली. तबकडीला दोन बाजू असतात आणि त्यांच्याकडे गाणं एकच होतं.

बँडचं नाव 'द विन्स्टन्स'. सहा वादक, काळे आणि गोरे मिळून. प्रमुख रिचर्ड स्पेन्सर. तो गायचा आणि सॅक्सोफोन वाजवायचा. सावत्र वडिलांच्या मायेवरचं 'कलर हिम फादर' हे त्याचं गाणं तयार होतं. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर त्याच्या पाठीमागे काहीतरी भरायला हवं होतं. चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या 'आमेन'च्या चालीवर त्यांनी घाईघाईत एक वाद्यांचा तुकडा बसवला. तोही आखूड पडला. म्हणून मध्येच बाकीचे सगळे थांबले आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटाच चार आवर्तनं वाजवत राहिला. सुमारे सात सेकंद. मग सगळे परत आले, तुकडा संपला आणि त्याला 'आमेन, ब्रदर' असं नाव मिळालं.

पुढची बाजू गाजली. बिलबोर्डच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढली, स्पेन्सरला ग्रॅमी मिळालं. पाठची बाजू कुणी लावली असेल तर ती बहुधा चुकून. आज गंमत अशी की, पुढचं गाणं जाणकारांखेरीज फारसं कुणाला आठवत नाही आणि पाठच्या बाजूचे ते सात सेकंद हजारो गाण्यांत जाऊन बसले आहेत. तुम्हीही ते ऐकले असणार, फक्त कुणाचे आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

मी ते सात सेकंद एका तबला वाजवणाऱ्या मित्राला ऐकवले. पाश्चात्त्य संगीतात त्याला फारसा रस नाही. पहिल्यांदा ऐकून म्हणाला, "बरं, पुढे?" दुसऱ्यांदा ऐकताना त्याचा हात आपोआप मांडीवर आला. तिसऱ्यांदा तो हसलाच. "अरे, हा सम खाऊन टाकतोय!"

त्याने बरोबर पकडलं होतं. पहिली दोन आवर्तनं कोलमन सरळ ठेका धरतो. तिसऱ्यात स्नेअर ड्रमचा एक आघात किंचित पुढे ढकलतो. चौथ्यात पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतो, मग दोन-चार आडे आघात, आणि झांज अपेक्षेच्या आधीच फुटते. ऐकणारा ठेक्यात स्थिरावतो न स्थिरावतो तोच त्याला ठेच लागते आणि पडता पडता तो पुन्हा समेवर येतो. हे सगळं सात सेकंदांत, आणि बहुधा फारसा विचार न करता. भरतीचा तुकडा होता, कोण एवढा विचार करतो!

तबल्याच्या शिकवणीत 'हाताचं वजन' म्हणतात ते हेच. बोल तेच असतात, लय तीच असते. पण एका हाताखाली ते बोलतात आणि दुसऱ्याखाली नुसते वाजतात. हे वजन वहीत लिहून घेता येत नाही. गेल्या पन्नास वर्षांत जुन्या सोल, फंक आणि जॅझच्या तबकड्यांमधून नव्या पिढ्यांनी जे उचललं, त्यात चाली कमी आणि हे वजनच जास्त होतं. आणि नेमका याच गोष्टीसाठी कायद्याच्या खातेवहीत रकाना नव्हता.

ही उचलाउचल सुरू झाली ती मात्र कुठल्याही यंत्राच्या आधी. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. रेकॉर्ड लावायला घरचाच माणूस होता, तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, जमैकात जन्मलेला. लोक त्याला कूल हर्क म्हणत.

हर्कचं लक्ष तबकडीपेक्षा नाचणाऱ्यांकडे जास्त असायचं. त्याच्या ध्यानात आलं की, काही पोरं गाणं चालू असताना नुसती उभी असतात आणि गायक-वादक थांबून एकटा ड्रम वाजायला लागला की अंगात आल्यासारखी मैदानात उतरतात. या जागेला 'ब्रेक' म्हणतात. अडचण एवढीच की ब्रेक दहा-पंधरा सेकंदांत संपतो. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तो सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. दहा सेकंदांचा ब्रेक हवा तेवढा लांबला. कीर्तनात टाळकरी एकाच चरणावर घोळत राहतात आणि रंग चढत जातो, तसंच काहीसं.

पुढे ज्याला हिप-हॉप म्हणू लागले ते या पार्ट्यांतून निघालं, आणि तिथे जे वाजायचं त्याची जातकुळी मोठी मजेदार आहे. ब्रॉन्क्सचं जणू राष्ट्रगीत ठरलेलं 'अपाची' मूळचं एका इंग्रजाचं, जेरी लॉर्डनचं. १९६० साली 'द शॅडोज' या ब्रिटिश बँडने ते गिटारवर गाजवलं. १९७३ मध्ये 'इन्क्रेडिबल बाँगो बँड' या नावाखाली स्टुडिओतल्या वादकांनी ते पुन्हा वाजवलं; ड्रमवर जिम गॉर्डन, बाँगोवर किंग एरिसन. हा बँड खऱ्या अर्थाने बँडही नव्हता, रेकॉर्डिंगपुरती जमवलेली मंडळी होती. त्यांच्या तबकडीतले ड्रम-बाँगोचे ते भाग ब्रॉन्क्सच्या पोरांनी झिजेपर्यंत वाजवले.

चांगला ब्रेक सापडला की तो लपवून ठेवायचा, ही रीतही तेव्हापासूनची. हर्क तबकडी पाण्यात भिजवून वरचं लेबल काढून टाकायचा, म्हणजे डोकावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला नाव कळायला नको. ठेवणीतली चीज दार लावून शिकवणाऱ्या आपल्याकडच्या उस्तादांना ही सावधगिरी लगेच समजली असती. गुपित किती दिवस टिकणार? १९८६ पासून लेनी रॉबर्ट्स आणि लू फ्लोरेस या दोघांनी 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' नावाने असे ब्रेक असलेली गाणी एकत्र करून तबकड्या काढायला सुरुवात केली. पंचवीस भाग निघाले. कोलमनचे सात सेकंद पाठच्या बाजूच्या अडगळीतून बाहेर पडले ते या मालिकेमुळे.

तोवर यंत्रही आलं होतं. १९८७ साली 'ई-म्यू' या कॅलिफोर्नियाच्या कंपनीने 'एसपी-१२००' बाजारात आणलं. तबकडीवरचा आवाज आत घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका बटणावर ठेवायचा आणि बोटांनी वाजवायचा. आत साठवायला जागा होती सगळी मिळून दहा सेकंद! आजच्या फोनमध्ये तेवढी जागा एखाद्या शुभेच्छापत्राला लागते. मग पोरांनी युक्ती काढली. तेहतीसची तबकडी पंचेचाळीसच्या वेगाने फिरवायची, म्हणजे तुकडा कमी वेळात आत जातो. आत गेल्यावर त्याचा वेग पुन्हा उतरवायचा. या उतरवण्यात आवाज खरखरीत, जाडाभरडा व्हायचा. हा दोष होता. पण तो इतका आवडला की पुढे निर्दोष यंत्रं आल्यावरही लोक हीच खरखर शोधत राहिले.

लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या 'एनडब्ल्यूए' या रॅप गटाने १९८८ साली कोलमनचा ठेका आपल्या सर्वांत संतप्त गाण्याखाली ठेवला. काही वर्षांत लंडनमध्ये त्याचं जे झालं ते मला जास्त विलक्षण वाटतं. तिथल्या पोरांनी त्या चार आवर्तनांची अक्षरशः खांडोळी केली. प्रत्येक आघात सुटा केला, क्रम उलटापालटा केला, वेग इतका वाढवला की कुठल्याही माणसाला ते वाजवता येऊ नये. यातून 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' असे दोन संगीतप्रकार उभे राहिले. तरीही, एवढी चिरफाड होऊनसुद्धा, त्या तुकड्यांत कोलमन ओळखू येतो. झांजेची ती चिडकी झळाळी, स्नेअरचा तो भरीव ठोका. वजन शिल्लक राहतं.

अशाच दुसऱ्या हाताची गोष्ट. क्लाइड स्टबलफील्डचा जन्म १९४३ चा, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाचा. कारखान्यांची धडधड आणि आगगाड्यांची लय ऐकत तो वाढला, आणि त्याचं ड्रमवादन शिकवणीतून आलेलं नव्हतं. १९६५ साली तो गायक जेम्स ब्राउनच्या ताफ्यात दाखल झाला. ताफाच म्हणायला हवं, कारण ब्राउनची शिस्त एखाद्या सेनापतीची होती. चुकीच्या सुरासाठी, मळक्या बुटांसाठी तो वादकांना दंड करायचा. २० नोव्हेंबर १९६९ ला सिनसिनाटीत 'फंकी ड्रमर' ध्वनिमुद्रित झालं. गाणं रंगात आलेलं असताना ब्राउन बाकीच्यांना थांबायला सांगतो, ड्रमरला मात्र करामती दाखवायला मनाई करतो. नुसता ठेका धरून राहा, एवढंच. आठ आवर्तनं स्टबलफील्ड एकटा आहे.

त्या आठ आवर्तनांत मोठे ठोके थोडे आहेत. जादू आहे ती त्यांच्यामधल्या पुसट आघातांत. डावा हात स्नेअरवर इतक्या हलक्याने पडत राहतो की आघात ऐकू येण्यापेक्षा जाणवतात. आपल्याकडचे तबलजी ठेक्यात मूळ बोलांच्या मधल्या फटी बारीक भरणीने बुजवतात, त्याची आठवण होते. या भरणीमुळे ठेका थांबल्यासारखा कधी वाटतच नाही. 'पब्लिक एनिमी' या रॅप गटाने १९८९ मध्ये 'फाइट द पॉवर'मध्ये तो घेतला. रॅपर एलएल कूल जेने घेतला. आयर्लंडच्या सिनेड ओ'कॉनरने १९९० साली कबरीवरच्या जुन्या शोकगीताखाली तोच ठेवला, आणि तिथेही तो शोभला. संतापाला आणि शोकाला एकच हात पुरतो, हे ऐकल्याशिवाय पटायचं नाही.

स्टबलफील्डला यातून काय मिळालं? १९६९ साली वाजवण्याचे पैसे, तेवढेच. रचना जेम्स ब्राउनच्या नावावर, ध्वनिमुद्रण कंपनीच्या. पुढे तो विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात स्थायिक झाला आणि तिथल्या क्लबांत वाजवत राहिला. आजारपणात त्याच्या रुग्णालयाच्या बिलांपैकी सुमारे ९० हजार डॉलर गुपचूप कुणीतरी भरले. तो कुणीतरी म्हणजे पॉप गायक प्रिन्स होता. स्टबलफील्डने हे सांगितलं ते प्रिन्सच्या मृत्यूनंतर, २०१६ साली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत तो स्वतः गेला.

जॅझचं प्रकरण थोडं वेगळं. तिथे पोरं ड्रमइतकीच पियानोच्या आणि बेसच्या मागे लागली, आणि बहुधा समीक्षकांनी नाकं मुरडलेल्या तबकड्यांच्या. बॉब जेम्स हा कीबोर्डवादक घ्या. १९७४ च्या 'वन' या अल्बमच्या शेवटी त्याचं 'नॉटिलस' आहे. शुद्ध जॅझवाल्यांना त्याचं संगीत गुळगुळीत वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं आहेही. पण 'नॉटिलस'च्या सुरुवातीचे ते पाण्याखालून आल्यासारखे सूर आणि त्याखाली सरपटणारा बेस हिप-हॉपवाल्यांनी इतक्यांदा उचलला की बॉब जेम्सचं नाव आज टिकून आहे ते बरंचसं त्यांच्यामुळे.

'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या हिप-हॉप गटाने रॉनी फॉस्टर या ऑर्गनवादकाचं १९७२ चं 'मिस्टिक ब्रू' घेऊन 'इलेक्ट्रिक रिलॅक्सेशन' रचलं. पीट रॉक या निर्मात्याने टॉम स्कॉटच्या १९६७ च्या तबकडीवरचा सॅक्सोफोनचा एक छोटा उद्गार घेतला आणि रॅपर सीएल स्मूथबरोबर १९९२ मध्ये अकाली गेलेल्या एका मित्राच्या आठवणीचं गाणं केलं. मूळ तबकडीत तो सॅक्सोफोन येतो आणि जातो, लक्षही जात नाही. पीट रॉकने तो पुन्हापुन्हा वाजवला आणि त्याचा हुंदका झाला. उचललेल्या तुकड्यात मूळ मालकालाही न दिसलेलं काहीतरी दिसणं, ही माझ्या मते या कलेची कसोटी.

सगळेच काही या कसोटीला उतरत नाहीत. १९९० साली एमसी हॅमर या रॅपरने रिक जेम्सच्या 'सुपर फ्रीक'ची सगळ्यांना पाठ असलेली ओळखीची धून जवळजवळ तशीच उचलली, वर बोल टाकले आणि जगभर विकली. रिक जेम्स कोर्टात गेला आणि त्याला सहरचनाकार म्हणून नाव आणि वाटा मिळाला. ते योग्यच झालं. दुसऱ्याच्या जेवणावर कोथिंबीर भुरभुरून कुणी आचारी होत नाही.

आता कायद्याकडे. अमेरिकेत एका तबकडीवर दोन मालकी असतात. एक रचनेची, म्हणजे कागदावर लिहिता येईल त्या चालीची आणि शब्दांची. दुसरी ध्वनिमुद्रणाची. पहिली साधारणपणे रचनाकाराकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे, दुसरी रेकॉर्ड कंपनीकडे. तुकडा वापरायचा तर दोन्हीकडे परवानगी मागायची, दोन्हीकडे पैसे मोजायचे. त्यातही एक विचित्र मेख होती. १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांना संघराज्याचा स्वामित्वहक्क कायदा लागूच नव्हता. त्यांचं काय ते राज्यांच्या कायद्यांवर सोडलेलं होतं. 'आमेन, ब्रदर' आणि 'फंकी ड्रमर' दोन्ही त्या तारखेच्या आधीची. ही फट बुजवणारा कायदा अमेरिकेने केला २०१८ साली.

सुरुवातीला या परवानग्यांची कुणी फिकीर करत नसे. १९९१ च्या डिसेंबरात ते दिवस संपले. बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगी न मिळता वापरला होता. न्यूयॉर्कचे न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या चोरी न करण्याच्या आज्ञेने केली आणि प्रकरण फौजदारी चौकशीकडे पाठवलं. अल्बम दुकानांतून काढावा लागला. बिझ मार्कीने पुढच्या अल्बमचं नाव ठेवलं 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!', सगळ्या तुकड्यांची परवानगी घेतली आहे हो! खट्याळपणा त्याने सोडला नाही.

२००५ मध्ये दुसऱ्या एका न्यायालयाने कळस केला. जॉर्ज क्लिंटनच्या 'फंकाडेलिक' बँडच्या १९७५ च्या गाण्यातला गिटारचा दोन सेकंदांचा तुकडा, तोही सूर उतरवून, ओळखू न येईल असा वापरलेला. न्यायालय म्हणालं, ध्वनिमुद्रणाचा तुकडा कितीही छोटा असो, परवाना घ्या किंवा हात लावू नका. खटला भरणारा ब्रिजपोर्ट म्युझिक आणि त्याच्याशी संलग्न कंपन्यांचा गट होता. २००१ साली त्यांनी सुमारे ८०० प्रतिवादींवर जवळजवळ पाचशे दावे एकदम लावले होते. जॉर्ज क्लिंटन स्वतः मात्र आपल्याच गाण्यांच्या मालकीवरून ब्रिजपोर्टशी वर्षानुवर्षं भांडत होता. वादकाच्या नावाने न्याय मागायचा आणि तो मिळवायचा कपाटातल्या करारांच्या मालकाने, असा हा मामला. (२०१६ साली मॅडोनाच्या 'व्होग'मधल्या पाव सेकंदाहूनही कमी लांबीच्या तुतारीच्या तुकड्यावर दुसऱ्या विभागाच्या न्यायालयाने नेमका उलटा निकाल दिला. त्यामुळे अमेरिकेत आज याबाबत दोन कायदे नांदतात म्हटलं तरी चालेल.)

पण हाताच्या वजनाचा मुद्दा उघडा पडला तो एका शांत खटल्यात. जेम्स न्यूटन हा जॅझ बासरीवादक. बासरी फुंकता फुंकता तिच्यातच गाण्याचं त्याचं तंत्र असामान्य आहे; वाऱ्याचा आणि माणसाचा आवाज एकमेकांत मिसळून तिसराच आवाज तयार होतो. त्याच्या 'क्वायर' या रचनेतले सहा सेकंद 'बीस्टी बॉइज' या रॅप गटाने १९९२ मध्ये 'पास द माइक' या गाण्यात घेतले आणि गाणंभर फिरवले. ध्वनिमुद्रणाचा परवाना त्यांनी रेकॉर्ड कंपनीकडून रीतसर घेतला होता, हजार डॉलर देऊन. न्यूटनला विचारलं नव्हतं, आणि रचना त्याची होती. २००३ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की, रचनेच्या कागदावर पाहिलं तर उचललेले स्वर फक्त तीन. आपल्या भाषेत सा, कोमल रे, सा. एवढ्यावर मालकी सांगता येत नाही. त्या तुकड्यात जे विलक्षण आहे ते न्यूटनच्या वाजवण्यात आहे, आणि वाजवणं ध्वनिमुद्रणात मोडतं. त्याचा परवाना तर घेतलेला आहे.

सा, कोमल रे, सा कुणाच्या बापाचं नाही, हे मान्यच. नाहीतर भैरव गाणाऱ्या प्रत्येकाने रोज सकाळी कुणालातरी पैसे मोजले असते. तर्क निर्दोष आहे. फक्त त्याचा शेवट कुठे होतो ते पाहा. तुकडा उचलला तो न्यूटनच्या फुंकरीसाठी आणि गळ्यासाठी, हे न्यायालयही मानतं. आणि त्याच फुंकरीचे पैसे न्यूटनला मिळणार नाहीत, असंही तेच ठरवतं.

आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख छापत. उसनवारी उघड होती, पाव्हण्याची ओळख करून द्यावी तशी. पैशांचा प्रश्न त्यातून सुटत नव्हता, पण नाव तरी राहत होतं.

नावाचाच एक खटला आपल्याही गळ्यापर्यंत आला. २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' गाजलं. डीजे क्विक या निर्मात्याने त्यात 'ज्योती' या १९८१ च्या हिंदी चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है' घातलं होतं, लता मंगेशकरांच्या आवाजासकट. संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले आणि २००३ च्या सुरुवातीला न्यायालयाने त्यांचं नाव छापल्याशिवाय तबकड्या विकायला मनाई केली. लाहिरींना नाव मिळालं, उत्तम झालं. पण ज्या आवाजामुळे तो तुकडा क्विकच्या कानात अडकला, तो आवाज त्या खटल्यात पक्षकार नव्हता. गायकाला रॉयल्टी हवी म्हणून लताबाई साठच्या दशकातच भांडल्या होत्या, प्रसंगी रफीसाहेबांशी अबोला धरून. भारतीय कायद्याने गायक-वादकांचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला तो २०१२ च्या दुरुस्तीत.

या निकालांचा संगीतावर काय परिणाम झाला, यावर मतं अनेक आहेत. माझं मत असं की, बाजारात मिळणाऱ्या हिप-हॉपची वीण सैल झाली. १९८८-८९ च्या 'पब्लिक एनिमी'च्या किंवा 'बीस्टी बॉइज'च्या अल्बममध्ये एकेका गाण्यात दहा-दहा तबकड्या एकावर एक रचलेल्या असत, गोधडीसारख्या. दहा तुकडे म्हणजे आता वीस परवाने. कोण घेणार? मग एका गाण्यात एकच मोठा, महागडा, ओळखीचा तुकडा घ्यायची पद्धत पडली. किंवा जुनी चाल नव्या वादकांकडून वाजवून घ्यायची, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे पैसे वाचतात. चाल तीच, हात दुसरा. थोडक्यात, कायद्याने लोकांना चाल विकत घ्यायला आणि हात सोडून द्यायला शिकवलं. आणि छोटे, चतुर, ओळखू न येणारे तुकडे जोडणारे कारागीर एक तर लपून काम करू लागले, नाहीतर दुसऱ्या धंद्याला लागले.

'डे ला सोल'चा १९८९ चा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' हा या गोधडीकलेचा उत्तम नमुना. इंटरनेटवर गाणी ऐकण्याचे दिवस आले तरी तो अल्बम तिथे मिळत नव्हता, कारण तुकड्यांचे जुने करार नव्या माध्यमाला पुरत नव्हते आणि कंपनीशी वाद होता. तो उपलब्ध झाला ३ मार्च २०२३ ला. त्रिकुटातला एक, डेव्हिड जोलिकर, त्याच्या तीनच आठवडे आधी वारला.

आणि 'आमेन, ब्रदर'? त्याची रचना रिचर्ड स्पेन्सरच्या नावावर होती, म्हणजे मागायला त्याच्याकडे काहीतरी होतं. पण आपला तुकडा जगभर फिरतोय, हे त्याला कळलं १९९६ च्या सुमारास, ब्रिटनमधल्या एका कंपनीने मूळ टेपची चौकशी केली तेव्हा. दावा लावण्याची मुदत उलटून गेली होती. २०१५ साली दोन ब्रिटिश डीजेंनी लोकांकडून वर्गणी काढली आणि जमलेले २४ हजार पौंड स्पेन्सरला दिले. तो २०२० मध्ये गेला.

ग्रेगरी कोलमन अटलांटातच वारला, २००६ साली. त्या वेळी त्याला राहायला घर नव्हतं. वर्गणी जमली तेव्हा त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.